दोन पावलांवर गेलेला डाव

नदीच्या अलीकडच्या गावात फार वर्षांपूर्वी हुतूतूचा एक गडी राहत होता. अंगाने धिप्पाड, आवाज ढोलासारखा. ‘हुतूतू’ म्हणत एका दमात तो पलीकडे जायचा, गडी शिवायचा आणि दम न तोडता परत यायचा. गाव म्हणायचं, “आपला वाघ आहे वाघ!”

पण सामना जवळ आला की या वाघाचे हात गार पडायचे. घास उतरायचा नाही. भीती वाटते हे सांगणार कुणाला? मग तो चिडायचा. बादलीला लाथ मार, बैलावर ओरड, जोडीदारांना शिव्या घाल. राग आला की अंग तापायचं आणि भीती गेल्यासारखी वाटायची.

त्याची बायको शेजारणीला म्हणायची, “सामना जत्रेत असतो हो, पण आमच्या घरी तीन दिवस आधीच सुरू होतो.”

त्या वर्षीच्या जत्रेत पलीकडच्या गावाशी सामना होता. लागोपाठ दोन वर्षं हार झाली होती. कप्तानाने गड्याला बजावलं, “यंदा तुझ्यामुळे हरलो, तर पुढच्या वर्षी बघ्यांत उभं राहायचं.”

खेळ रंगला. शेवटी दोन्हीकडे एकेकच गडी उरला. इकडे हा, तिकडे एक काटकुळा पोरगेला माणूस. आपला गडी दम भरून गेला. काटकुळा मागे सरकला, तसा याने झेप घेऊन त्याचं कोपर शिवलं. गावाने टोप्या उडवल्या. आता फक्त रेषा गाठायची, दोन पावलं.

तेवढ्यात मागून काटकुळा ओरडला, “पळतोस काय रे, भित्र्या?”

गडी गर्रकन वळला. “भित्रा कुणाला म्हणतोस रे?”

झालं! दम तुटला. पंचांनी हात वर केला. गडी बाद, सामना पलीकडच्या गावाचा.

गडी मूठ उगारून धावला. काटकुळा पळाला नाही, होता तिथेच मटकन बसला.

“मार दादा,” तो म्हणाला. “सकाळपासून पोटात गोळा आलाय माझ्या. तू शिवलंस तेव्हाच मी संपलो होतो. घाबरून तोंडाला येईल ते बोललो. तू थांबशील असं वाटलंच नव्हतं.”

उगारलेली मूठ तशीच खाली आली.

कप्तानाने शब्द पाळला. पुढच्या वर्षीची गड्याची जागा त्याने तिथेच दुसऱ्याला दिली.

घरी येऊन गडी ओट्यावर बसला. मग बायकोला म्हणाला, “मला भीती वाटते गं. प्रत्येक वेळी.”

“लग्न झालं त्या वर्षापासून माहीत आहे मला,” ती म्हणाली. “तुम्हालाच कळायचं राहिलं होतं.”

तात्पर्य एवढंच: भीती वाटण्यात कमीपणा नाही, पण ती झाकायला राग पुढे केला, की जिंकलेला डावही हातचा जातो.