सोनेरी शिंगं आणि राखाडी ठोकळा

खेळण्यांतले ठोकळे अजून बिनधास्त बोलत होते, तेव्हाची गोष्ट. ठोकळ्यांच्या ड्रॅगनच्या डोक्यावर दोन नवी, भलीमोठी सोनेरी शिंगं बसली आणि तिसऱ्याच पावलाला ड्रॅगन नाकावर आपटला.

"पाय कच्चे आहेत!" शिंगं ओरडली. "जुने ठोकळे काढा, डब्यात टाका."

डब्यात गेलेला ठोकळा परत येत नाही, हे मागच्या पायातल्या राखाडी ठोकळ्याला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "अहो, पाय मजबूत आहेत. तुमचं वजन डोक्याला झेपत नाही. शेपटीवर बसा."

"शेपटीवर? आम्ही? अरे, खोक्यावर आमचा फोटो आहे!"

मान, पंख, पोट, सगळ्यांना खरं कळत होतं, पण सगळे गप्प. ड्रॅगन पुन्हा पडला. ठोकळ्याने तेच सांगितलं. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ठोकळ्याचा कोपरा उडाला, तरी त्याने तेच सांगितलं.

शेवटी मान कुरकुरली, "खरंय त्याचं. माझा सांधा निखळायला आलाय." मग पंखांनाही कंठ फुटला.

शिंगं फणकारत शेपटीवर गेली. ड्रॅगन ताठ उभा राहिला आणि न पडता तीन पावलं चालला.

"आता आम्हाला बघणार कोण?"

"आतापर्यंत कोण बघत होतं? तुम्ही तर जमिनीत रुतलेली होतात," ठोकळा म्हणाला आणि त्याने पाऊल उचललं. चौथं.