ठकूचा ओला बैल

फार मागची गोष्ट, साल मला विचारू नका. पोळ्याला गुरुजींनी पोरांना मातीचे बैल करायला लावले. घरच्या बैलाचं नाव काडीनं मातीच्या पाठीवर लिहायचं आणि मग बैल उन्हात वाळवायचा. नाव नसलेला बैल ओळीत उभा करणार नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं.

सगळे बैल वाळत बसले. ठकूच्या बैलाची पाठ मात्र कोरीच. तिला ‘हौशा’ लिहायचं होतं, पण ‘ह’ काही केल्या जमेना. पोर लिहायची, पुसायची आणि नाक ओढत रडायची.

"वाळ की लेका!" बाकीचे बैल ओरडले. "शिंग बघ, लोंबायला लागलं!"

"लोंबू दे," ओला बैल म्हणाला. "मी वाळलो तर पोर गिरवणार कुठं?" आणि तो हळूहळू सरकत लिंबाच्या सावलीत जाऊन बसला.

ठकू त्याच्या मागं गेली. ओल्या हातानं पाठ पुसून तिनं पुन्हा लिहिलं. अकराव्या खेपेला ‘ह’ उमटला. वाकडा होता, पण ‘ह’च होता. मग पुढचं अक्षरही आलं. अक्षरांखाली बोट धरून तिनं मोठ्यानं वाचलं, "हौशा!"

"हां," बैल म्हणाला, "आता ने मला उन्हात."