आजोबांच्या शिक्षणाचा दाखला

राजा भद्रसेनाच्या विद्यापीठात शिकायचं तर एकच अट होती: वडील किंवा आजोबा तिथेच शिकलेले हवेत. भिवराचे वडील नावाडी, आजोबाही नावाडीच. द्वारपालाने तिला दारातूनच परत पाठवलं.

व्याकरण ती नावेत शिकली होती. तीन देशांचे विद्यार्थी तिच्या नावेतून नदी ओलांडायचे आणि मोठ्याने पाठ म्हणायचे. वल्ही मारता मारता तिचंही सगळं पाठ झालं. पुढे ती त्यांच्या चुका सांगू लागली, तेव्हा त्यांनी नावेत पाठ म्हणणंच सोडून दिलं.

ती पैलतीरावरच्या देशात गेली. तिथेही तीच अट. दोन्ही राजघराणी शंभर वर्षं सीमेवरून आणि पाण्यावरून भांडत आली होती. या अटीबद्दल मात्र त्यांचं कधी दुमत झालं नाही.

शेवटी भिवरा भद्रसेनाच्या दरबारात उभी राहिली. कुलगुरूंनी विचारलेलं सगळं तिला आलं. तरी राजा हटेना. अट सर्वांना सारखीच, आम्ही गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही, असं त्याने तिला समजावलं. आठ दिवसांत आजोबांच्या शिक्षणाचा दाखला आण, त्याच दिवशी प्रवेश देतो, म्हणाला.

"आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, महाराज. आता त्यांना शिकायला कसं घालू?"

दरबार हसला. भिवरा मान खाली घालून घरी गेली.

आठव्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली.

"दाखला कुठे आहे?" राजाने विचारलं.

"आधी एक शंका आहे, महाराज. ही अट कधीपासूनची?"

"पहिल्या दिवसापासूनची. आजवर एकदाही मोडलेली नाही."

"आणि पहिले विद्यार्थी कोण होते?"

राजाची मान ताठ झाली. "आमचे पणजोबा."

"त्यांचे वडील इथे कोणत्या वर्गात होते?"

राजाने कुलगुरूंकडे पाहिलं. तेव्हा विद्यापीठाचा पायाही खणलेला नव्हता.

"म्हणजे पणजोबांचा प्रवेश चुकीचा," भिवरा शांतपणे म्हणाली. "त्यांच्यामुळे आजोबांचा चुकीचा, मग वडिलांचा, आणि आपलाही. अट पाळायची तर आधी महाराजांची पदवी परत घ्यावी लागेल, कुलगुरूंचीही. नाहीतर पणजोबांना ज्या दाराने आत घेतलं, त्याच दाराने मलाही घ्या."

कुलगुरूंनी पदवीची शाल घाईघाईने अंगाभोवती ओढून घेतली. ते पाहून राजाला जे हसू फुटलं, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना.

भिवराला त्याच दिवशी प्रवेश मिळाला. राजाने गळ्यातला मोत्यांचा हारही देऊ केला. तिने हाराऐवजी अट काढून टाकायला सांगितली, आणि राजाने ती काढली. पैलतीरावरच्या राजाने आठवड्याच्या आत आपलीही अट रद्द केली. शेजाऱ्याच्या मागे राहणं त्याला मुळीच खपत नसे.