कासवाची मान

समुद्रात माणसाची होडी उतरली नव्हती, तेव्हाची गोष्ट. कासवाशी झुंजताना खेकड्याच्या दोन्ही नांग्या तुटल्या. कासव म्हणालं, "पुन्हा उगवू देऊ नकोस. माझ्या कवचाखाली राहा, मी आहे." खेकड्याने शब्द पाळला. नांगीला कोंब फुटला की तो स्वतःच खुडून टाकायचा. कवचाखालच्या सावलीखेरीज त्याला दुसरं घर उरलं नाही.

पुढे खाडीत पाणसाप माजले आणि कासव थकलं. "मी एकट्याने किती राखायचं? वाढव आता नांग्या," ते कुरकुरलं.

खेकड्याने मुकाट वाढवल्या. दोघांनी मिळून पाणसाप पिटाळले. मग दमलेला खेकडा नेहमीसारखा कवचाखाली शिरायला गेला.

कासवाने चटकन मान आत ओढली.

"अरे, मीच आहे," खेकडा म्हणाला.

"ठाऊक आहे," आतून आवाज आला. "तिथूनच बोल."