सांबराच्या बरगडीतला बाण

एका राज्यात जखमा भरत नसत.

विळीने बोट कापले की ते कापलेलेच राही. काटा रुतला की त्याचे भोक उघडेच राही. मुले गुडघ्यांना चिंध्या बांधून खेळायला जात, सुगरणी भाजी हाताने मोडून करत आणि न्हाव्यांनी धंदा सोडून शेळ्या पाळल्या होत्या. बारा वर्षे असे चालले होते. लोकांना सवय झाली होती.

राजाचे नाव महीकेतू, राणीचे वसुमती. त्यांचा एकुलता एक मुलगा अरुणकेतू आठव्या वर्षी समुद्रापलीकडे जादूगारांच्या नगरात शिकायला गेला होता. तो परतला तेव्हा राणी त्याला ओवाळायला उठली नाही. त्याच्यासाठी अंगरखा शिवताना तिच्या बोटात सुई टोचली होती. बोटाखाली चांदीची वाटी होती. घटकेघटकेला तिच्यात एक थेंब पडे. वैद्य म्हणाले, "पुढच्या कार्तिकापर्यंत. त्यापुढे नाही."

अरुणकेतू बापापुढे उभा राहिला. "तात, हे कशाने झालं?"

राजा म्हणाला, "एका जादूगाराने मला यंत्रधनुष्य दिलं होतं. त्याची दोरी ओढली की अडकून राहते, हाताला भार होत नाही. मनात आणाल तिथे बाण जातो. मी गच्चीवर उभा राहिलो, 'सांबर' म्हणालो आणि बाण सोडला. सात डोंगरांपलीकडे तो एका सांबराच्या बरगडीत रुतला. ते मेलंही नाही, बरंही झालं नाही. तेव्हापासून राज्यात कुणाचंच काही भरत नाही."

"पुन्हा बाण नाही मारला?"

"अकरा मारले. अकराही परत येऊन गच्चीखाली पडले. यंत्राने केलेली जखम साध्या धनुष्यानेच मिटायची, असं जादूगार म्हणाला होता."

"आणखी काही म्हणाला होता का?"

राजाने खिडकीबाहेर पाहिले. "नाही."

याचसाठी आपण शिकलो, असे अरुणकेतूला वाटले. पण साधे धनुष्य आता कोण करणार? यंत्रधनुष्य आले तेव्हा राजाने साधी धनुष्ये गोळा करून होळीत घातली होती आणि धनुष्य करणारे टोपल्या विणू लागले होते. सातव्या डोंगरावर रेंगाबा नावाचा एक म्हातारा तेवढा उरला होता. तोही टोपल्याच विणत होता.

अरुणकेतू त्याच्या झोपडीपुढे जाऊन म्हणाला, "मी राजपुत्र अरुणकेतू. मला सांबराची शिकार शिकवा. बळ, गती आणि दिशा यांचा मी बारा वर्षं अभ्यास केला आहे."

"बरं झालं," रेंगाबा म्हणाला. "मग बांबू तोडायला येतोस का?"

खडकावर एक टिटवी बसली होती. त्या राज्यात टिटव्या बोलत, आणि जरा जास्तच बोलत. ती ओरडली, "टिट-टिट! शिकलेला आला! जनावरांनो, पळू नका, हसा!"

रेंगाबाने तीन कामे सांगितली. पहिले, धनुष्य स्वतः कर. दुसरे, बाण सोडायला शीक. तिसरे, सांबराच्या पापणीला किती केस असतात ते मोजून ये.

कार्तिकाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात त्यांनी भरीव बांबू तोडला, कारण चांदण्यात तोडलेल्याला भुंगा लागतो. तो चुलीवरच्या धुरात टांगला. सुकल्यावर अरुणकेतूने चिरला, तासला, मापपट्टी लावून दोन्ही बाजू तिळाचाही फरक न ठेवता सारख्या केल्या. दोरी चढवून ओढली तेव्हा धनुष्य मोडले आणि त्याची चीप त्याच्या हनुवटीत घुसली.

"मी तर मोजून केलं होतं!"

"तू मोजलंस," रेंगाबा म्हणाला, "पण बांबू कुठे मोजून वाढला होता? एका बाजूला पेर जाड, एका बाजूला बारीक. थोडं तासायचं, थोडं वाकवायचं, कोणती बाजू हट्ट करते ते बघायचं. हट्ट करेल तिथेच सुरी लावायची. दुसरीला हात नाही लावायचा."

अरुणकेतूने हनुवटीला फडके बांधले. ती जखमही आता कायमची होती.

दुसरे धनुष्य उत्तम झाले. इतके उत्तम की त्याने आनंदाने त्याची दोरी उतरवलीच नाही, तसेच भिंतीला टेकवून ठेवले. सकाळी त्यात जीव नव्हता. वाकलेले ते वाकलेलेच राहिले.

"त्यालाही निजायला लागतं," रेंगाबा म्हणाला. "काम झालं की दोरी उतरव."

तिसरे धनुष्य टिकले. त्याला बांबूच्याच सालीची दोरी लागली. बोरूच्या बाणांना मोरपिसे लागली आणि पुढे रुंद, धारदार पाते. त्या पात्याने अंगठ्याचे केस निघतील इतकी धार हवी, असे रेंगाबाने बजावले. "बोथट बाण म्हणजे पाप. जनावराला कळायच्या आत संपलं पाहिजे."

मग मातीचा ढिगारा केला. त्यापासून पाच पावलांवर अरुणकेतूला उभे केले आणि डोळे मिटायला सांगितले.

"डोळे मिटून नेम कसा धरू?"

"नेम कोण म्हणालं? आधी नुसतं सोडायला शीक."

दोन महिने तो डोळे मिटून पाच पावलांवरून मातीत बाण मारत राहिला. वाटीत पडणारे थेंब त्याला सात डोंगरांपलीकडून ऐकू येत. तो चिडे, रडे, पुन्हा ओढे. टिटवी रोज येऊन म्हणे, "शाबास! आज ढिगारा पळाला नाही!"

त्याची खोड एकच होती. दोरी गालापर्यंत ओढून तो थांबे. जादूगारांच्या नगरात तो यंत्रावरच वाढला होता. यंत्राची दोरी अडकून राहते, मग माणसाला विचार करायला सवड मिळते. बांबूचे धनुष्य सवड देत नाही. थांबले की खांदा जळतो, हात कापतो आणि बाण भलतीकडे जातो.

रेंगाबा म्हणाला, "विचार ओढायच्या आधी कर. मारायचं की नाही, कुठे, का, सगळं आधी. एकदा ओढलंस की श्वास सोडतो तसं सोड. आणि सोडावंसं नाही वाटलं तर सावकाश परत आण. रिकामी दोरी मात्र कधी सोडू नकोस. बाणाचा जोर मग धनुष्यालाच लागतो."

पुढे डोळे उघडले. ढिगाऱ्यावर एक पान ठेवले. आता दिवसाला एकच बाण, पहाटे उठल्याबरोबर, अंग आखडलेले असताना. "रान दुसरा बाण देत नाही," रेंगाबा म्हणाला. वैशाखात वीस पावलांवरून तो पान रोज भेदू लागला. एकविसाव्या पावलावरून त्याने कधी मारला नाही.

तिसऱ्या कामाला तो धनुष्य न घेता गेला. कमरेला राखेची पुरचुंडी होती. चिमूटभर राख उडवून वारा कुठला ते पाहायचे आणि वाऱ्याला तोंड करून जायचे, म्हणजे आपला वास जनावराला जात नाही. अनवाणी, आधी पावलाची कड टेकवायची, मग टाच. पहिल्यांदा टिटवीने बोंब मारली आणि सांबरे उधळली. नंतर वारा फिरला. नंतर त्याला शिंक आली. पावसाळा असा गेला. भाद्रपदात तो परत आला आणि चुलीपाशी बसला.

"किती केस?" रेंगाबाने विचारले.

"मोजता नाही आले. मी एका मादीजवळ पोचलो तेव्हा ती रवंथ करत होती. मी मोजायला लागलो आणि तिने डोळे मिटले. झोपली ती, रेंगाबा. माझ्यासमोर."

रेंगाबाने टोपली खाली ठेवली. "मग तू मोजलंस," तो म्हणाला. "आता धनुष्य घे."

आश्विनातल्या एका सकाळी अरुणकेतूने ते सांबर पाहिले. हत्तीएवढे उंच, शिंगांवर वेली चढलेल्या, बरगडीत बाण. बाणाच्या काठीवर शेवाळ धरले होते. जखमेतून थेंब थेंब रक्त पडे आणि जिथे पडे तिथे लाल गवत उगवे. ते ओढ्यावर पाणी पीत होते. अरुणकेतू वाऱ्यासमोरून सरकत अठरा पावलांवर आला. पापणी हललेली दिसली. त्याने दोरी ओढली.

आणि त्याला आई आठवली. वाटी आठवली. हा बाण चुकला तर, असे मनात आले. तो थांबला. खांदा जळू लागला, पाते डुगडुगू लागले. आत्ता सोडला तर बाण लागेल, पण पोटात लागेल, हे त्याला स्वच्छ कळले. दात आवळून त्याने दोरी सावकाश परत आणली.

सांबराने मान वळवली. "का नाही सोडलास?"

"हात कापला. तुम्हाला आणखी एक वाईट जखम झाली असती."

"तुझी आई मरेल."

"ठाऊक आहे."

सांबर ओढ्यावरून एक पाऊल त्याच्याकडे आले. मग म्हणाले, "तू सोडला असतास तरी तो परत तुझ्याच पायाशी पडला असता. माझ्या बरगडीतला बाण तुझा नाही. जादूगाराने धनुष्य देताना अट घातली होती. बाण पोचेल तिथे मारणाऱ्याने स्वतः चालत पोचायचं. ज्याने मारलं तो अजून आलेला नाही. मी वाट पाहतोय."

अरुणकेतू धावत रेंगाबाकडे गेला. रेंगाबाने ऐकून घेतले. "हे तर आमच्यात पोराटोरालाही ठाऊक असतं," तो म्हणाला. "जनावर जखमी झालं तर ज्याचा बाण त्यानेच माग काढायचा. ते सापडेपर्यंत जेवायचं नाही, दुसरा बाण लावायचा नाही."

"मग वर्षभर मला सांगितलं का नाही?"

रेंगाबा ओशाळला. "मला वाटलं, राजांची रीत वेगळी असेल."

अरुणकेतू रेंगाबाला घेऊन महालात आला तेव्हा कार्तिकाला सहा दिवस उरले होते. राणी आता बोलत नव्हती. थेंबही आता घटकेला नव्हे, प्रहराला एक पडत होता. राजा तिच्या उशाशी बसला होता.

"तात, जादूगार आणखी काय म्हणाला होता?"

राजाने राणीच्या बोटाखालची वाटी सरळ केली.

"तुम्ही का गेला नाहीत?"

"पहिल्या दिवशी दरबार होता," राजा म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वाटलं, एक सांबर तर आहे. मग लोकांच्या जखमा भरेनाशा झाल्या आणि मला लाज वाटली. लाजेला तेरा वर्षं झाली, की मग उठवत नाही रे."

"आज उठा."

राजा उठला. पालखी आणली गेली, तिला त्याने नको म्हणून हात केला. घोडा आणला गेला, त्यालाही. तो अनवाणी निघाला. पहिल्या डोंगरावर त्याच्या तळव्यांना फोड आले, दुसऱ्यावर ते फुटले आणि फुटलेलेच राहिले. अरुणकेतू पुढे, रेंगाबा मागे. सहाव्या डोंगरावर टिटवी भेटली.

"हा तोच का?" ती म्हणाली. "बाण माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा मी ओरडले होते. अंड्यावर बसले होते. ती पिल्लं आता पणज्या झाली. चला, जागा दाखवते."

तिने दाखवलेल्या जागेपासून लाल गवताचा माग सुरू झाला. अरुणकेतूने तो बापाला वाचायला शिकवला. इथे ते थांबलं होतं, तात. इथे बसलं, इथून उठायला त्रास झाला. राजा प्रत्येक ठिकाणी वाकून हात लावे. तीन दिवस तो चालला. जेवला नाही. लाल गवतामागे आता त्याच्या पावलांचीही लाल ओळ उमटत होती.

चौथ्या सकाळी सांबर माळावर उभे होते. राजा वीस पावलांवर गुडघ्यांवर बसला.

"आलो," तो म्हणाला.

"उशीर केलास."

"हो."

अरुणकेतूने बापाच्या हातात धनुष्य दिले. राजाने ओढून पाहिले. दोरी निम्मीही आली नाही. त्याने ती सावकाश परत आणली. कुणी शिकवले नसताना आणली. "माझ्याच्याने नीट होणार नाही," तो सांबराला म्हणाला. "आणि वाईट मी एकदा करून चुकलोय. माझ्या मुलाचा हात चालेल का?"

"पाय तुझे हवे होते, ते आले," सांबर म्हणाले. "हात खरा असला की झालं." आणि ते आडवे वळून उभे राहिले.

अरुणकेतूने आधी सगळा विचार केला. आईचा केला, सांबराचा केला, बापाच्या पायांचा केला. तो विचार संपेपर्यंत त्याने दोरीला बोट लावले नाही. मग खांद्यामागच्या एका केसाकडे पाहिले, ओढले आणि त्याच श्वासात सोडले.

सांबर दोन पावले चालले आणि झोपल्यासारखे खाली बसले. बरगडीतला जुना बाण आपोआप गळून पडला. टिटवी त्या दिवशी पहिल्यांदा काही बोलली नाही.

त्याच घटकेला महालात राणीच्या बोटावर पापुद्रा धरला. तिला ते खरे वाटेना, म्हणून तिने संध्याकाळपर्यंत वाटी हलवू दिली नाही. गावोगाव लोक चिंध्या सोडून आपले गुडघे पाहत बसले. बऱ्याच जणांना आपली त्वचा ओळखू येईना.

इकडे माळावर अरुणकेतू सांबराच्या मानेवर हात ठेवून रडला. रेंगाबाने त्याला थांबवले नाही. मग डोंगरातल्या रीतीप्रमाणे पाड्यावरची माणसे आली आणि वाटे पडले. पहिला वाटा म्हाताऱ्यांचा, दुसरा बाळंतिणींचा, मग सगळ्यांचा, मारणाऱ्याचा शेवटी. माग काढत चालत आलेल्याचाही एक वाटा असतो. तो सर्वांत लहान. तो पळसाच्या पानावर राजापुढे ठेवला.

राजाने आयुष्यभर सांबराचे मांस खाल्ले होते, पण ज्याचे डोळे पाहिले त्याचे कधी नाही. तो पानाकडे पाहत राहिला. पाड्यावरची माणसे आपापले खात त्याच्याकडे पाहत होती.

मग त्याने खाल्ले. हळूहळू, एकेक घास चावून. पानावर काही टाकले नाही.