पास्कूने जागा भरली

वसईकडच्या एका गावात एक भोळा गिटारवाला होता. नाव पास्कू. घरात तो आणि विधवा आई रेमेत. रेमेतला एकच घोर, या खुळ्याला मुलगी कोण देणार?

तिचा भाऊ इनास जहाजावर वाजवून आलेला. गावात त्याचा बँड होता. रेमेत म्हणाली, "भाऊ, याला बँडमध्ये घे. चार लोकांत दिसला तर कुणी विचारील तरी."

मामाने पास्कूला ब्लूज शिकवलं. ब्लूज म्हणजे परमुलखातलं दुःखाचं गाणं. कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सूर, तीनच, गोल गोल फिरवायच्या. मामा म्हणाला, "हे धरून ठेव. काही झालं तरी सोडू नको."

पहिल्याच लग्नात पास्कूने धरलं. गाणं बदललं, हा तेच वाजवतोय. केक कापला, तेच. वऱ्हाड गेलं, खुर्च्या टेम्पोत चढल्या, तेच. बुडाखालची खुर्ची ओढली, तर उभ्याने तेच.

मामाने कपाळ बडवलं. "अरे, दर फेऱ्याला कॉर्ड थोडी बदलायची. सातवा सूर मिसळ, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल."

"बरं मामा."

रविवारी क्रुसापुढे प्रार्थना. लोक एका सुरात तेच तेच म्हणत होते. पास्कूने दर फेऱ्याला नवी कॉर्ड घातली. म्हातारे वरच्या सुरात चढले, बायका खालच्या सुरात उतरल्या, फादर मध्येच अडकले.

"मनाने नाही रे बदलायचं," मामा म्हणाला. "गाणारा जाईल तिकडे जायचं."

"मग आधी सांगायचं ना."

पुढच्या लग्नात गाणारा सांतान कडवं संपवून संडासात गेला. पास्कू वाजवत मागे. दाराबाहेर उभा राहून वाजवतोय.

"जा ना बाबा," सांतान आतून म्हणाला.

"तुम्ही निघालात की निघतो."

मामा घरी येऊन ओरडला, "मागे नाही जायचं, गाढवा. कुणी जागा सोडली की ती आपण भरायची. आता चुकलास तर बँड बंद." रेमेत क्रुसापुढे मेणबत्ती लावायला धावली. बँड गेला की सूनही गेली.

मग आलं गावातल्या नतालिनचं लग्न. देवळात वेदीपुढे नवरानवरी बसलेली. मामा म्हणाला, "फादर येईपर्यंत हळू काहीतरी वाजव."

पास्कूने ब्लूज वाजवलं. दर फेऱ्याला नवी कॉर्ड, वर सातवा सूर. नवरदेव हुंदके देऊ लागला. त्याला आगाशी गावची जुनी मैत्रीण आठवली. "माफ कर, नतालिन," म्हणाला आणि मागच्या दाराने पळाला.

जागा सुटली. पास्कू गिटारसकट तिथे जाऊन बसला.

"ऊठ मेल्या," रेमेत मागून पुटपुटली.

"मामा रागावतील."

नतालिनने तोंडावरची जाळी वर केली. "तू पण पळणार का?"

"कुठे पळू? जागा तर इथेच आहे."

नतालिन खुदकन हसली. बापाला म्हणाली, "बाबा, हा चालेल. हा उठत नाही."

फादर येऊन म्हणाले, "मुलगी हो म्हणते, मुलगा बसलाय. अडलंय कुठे?"

रेमेतला ना कुणाच्या पाया पडावं लागलं, ना मांडव घालावा लागला. सून घरी आली ती लग्नाच्या जेवणासकट.