वास तर आपलाच होता

किड्यामुंग्यांच्या गोष्टी सांगायचं माझं वय नाही. पण सून म्हणाली, पोरांसाठी लिहून द्या, म्हणजे तुमची कुरकुर तरी थांबेल. थांबणार नाही. तरी लिहितो.

एका परसात चवळीचा वेल होता. त्याच्या शेंड्यावर मावा बसला होता. मावा म्हणजे काळे बारीक किडे. ते वेलाचा रस पितात, आणि मुंग्यांनी मिशीनं थोपटलं की गोड थेंब देतात. अख्खं वारूळ त्या गोडावर जगायचं. खाली पिल्लं तोंड उघडून बसलेली.

राखणीला चिमाई मुंगी होती. येईल त्याला ती हुंगायची. आपला वास असला तर वाट, परका असला तर चावा. ठिपक्यांचा लाल किडा मावा खायला आला, तर तिनं त्याचा पाय धरून खाली फेकला.

एकदा डासाहून लहान गांधीलमाशी आली. चिमाईनं हुंगलं. वास माव्याचाच, म्हणजे आपलाच.

"जा बाई."

थेंब गोळा करणारी ठकू म्हणाली, "चिमाई, हिला पंख आहेत."

"माव्यालाही फुटतात कधी कधी."

"आणि कंबर? दोऱ्याएवढी आहे बघ."

"तुला नाक नाही, म्हणून कंबरा बघत बसतेस. काम कर."

गांधीलमाशी कळपात फिरली. एकेकाला थोपटलं, शेपटीचं टोक टोचलं, आत अंडं घातलं आणि निघून गेली.

पुढे मावा फुगला. तपकिरी झाला. ठकूनं कितीही थोपटलं तरी थेंब येईना.

"खाऊन सुस्तावलेत," चिमाई म्हणाली, आणि जास्तच डोळ्यांत तेल घालून राखू लागली. लाल किडा पुन्हा आला, त्याच्याशी लढताना तिचा एक पाय गेला.

मग एका सकाळी माव्याच्या पाठीला गोल भोक पडलं. आतून गांधीलमाशी निघाली. मग दुसरी. मग सगळीकडूनच. चिमाईनं प्रत्येकीला हुंगलं आणि वाट दिली. वास तर आपलाच होता.

मागे नुसती टरफलं राहिली.

ठकू रिकाम्या पोटी खाली निघाली. चिमाई म्हणाली, "मी तर जिवापाड राखलं गं."

"राखलंस की," ठकू म्हणाली. "त्या माशीची पिल्लं वाढवून दिलीस. आता आपल्या पिल्लांना काय घालू, ते सांग."



तात्पर्य: वास ओळखीचा आहे म्हणून कुणाला आत सोडून निर्धास्त होऊ नये, आत जाऊन तो काय करतो, तेही बघावं.

सप्ताहाच्या कोठीवर बसून ज्यानं अत्तरवाल्याला आत घेतलं आणि शेळ्यांचा वास येतो म्हणून मला दारातून हाकललं, त्यानं हे दोनदा वाचावं. तूप कुणी नेलं, ते गावाला कळलं. तुझी माफी अजून यायची आहे, नारबा शेंडगे.